पुरणे आणि पुरवणे : एका क्रियापदाच्या अभ्यासाची प्रस्तावना

‘पुरणे’ हे मराठीतील अगदी साधे, दिवसातून अनेकदा उच्चारले जाणारे आणि कदाचित त्यामुळेच अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेले क्रियापद प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. गरजेइतके असणे ही कल्पना व्यक्त करण्यासाठी संस्कृतात ‘पर्याप्त’ हे विशेषण आणि ‘अलम्’ हे अव्यय आहे, हिंदी-उर्दूत अरबीतून आलेला ‘काफी’ हा शब्द आहे. मराठीने मात्र या कल्पनेचा मुख्य भार एका क्रियापदावर टाकला, आणि ‘पुरे’, ‘पुरेसा’, ‘पुरता’, ‘अपुरा’, ‘पुरवठा’, ‘पुरवणी’ हे सारे शब्द त्या क्रियापदाच्या भोवती वाढले. हा केवळ व्याकरणाचा तपशील नव्हे. विशेषण वस्तूचा गुण सांगते आणि तिथेच थांबते, तर क्रियापद म्हटले की ते कोणाच्या बाबतीत घडले, किती काळ घडले आणि कोणी घडवून आणले हे प्रश्न त्याच्यासोबत येतात. धान्य पुरेसे आहे, एवढेच म्हटले तर धान्याविषयी काही कळते. धान्य पुरले, असे म्हटले की ते कोणाला पुरले, कधीपर्यंत पुरले आणि कोणी पुरवले हे विचारल्यावाचून वाक्य पुरे वाटत नाही. मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात हे तीन प्रश्न जिवंत राहिले आणि कारभाराच्या, कायद्याच्या व नियोजनाच्या मराठीत ते हळूहळू झाकले गेले, हे दाखवणे हा या अभ्यासाचा हेतू आहे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे क्रियापद संस्कृतातील ‘पॄ’, म्हणजे भरणे, या धातूच्या कुळातले आहे. ‘पूर्ण’, ‘पूर्ती’, ‘पूरक’ हे तत्सम शब्द, म्हणजे संस्कृतातून रूप न बदलता आलेले शब्द, याच धातूचे असून प्राकृतातील ‘पूरइ’ या रूपातून मराठी ‘पुरणे’ आले. नदीला येणारा पूर आणि पोळीत भरले जाणारे पुरण हे त्याचे सख्खे नातलग आहेत, कारण दोन्हींत मूळ कल्पना भरण्याची आहे: पुरात पात्र काठोकाठ भरते आणि पुरणात पोळीचे पोट. जमिनीत पुरणे, म्हणजे खड्ड्यात ठेवून वर माती भरणे, हे सकर्मक क्रियापदही याच भरण्याच्या कल्पनेतून आले आहे. म्हणून ‘धन पुरले’ या दोन शब्दांच्या वाक्याचे मराठीत दोन निराळे अर्थ होतात आणि कोणता घ्यायचा हे केवळ संदर्भ ठरवतो. उच्चारसाम्यामुळे या कुळात ओढले जाणारे काही शब्द मात्र बाहेर ठेवावे लागतात. ‘पुरस्कार’ आणि ‘पुरोगामी’ यांतील ‘पुरस्’ म्हणजे पुढे, तर ‘पुरातन’ आणि ‘पुराण’ यांतील ‘पुरा’ म्हणजे पूर्वी, आणि या दोहोंचा भरण्याशी संबंध नाही. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील १९२० चा फ्रेंच ग्रंथ, वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आणि राल्फ टर्नर यांचा १९६६ चा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश यांनी अशा शब्दांच्या वंशावळी लावण्याचे काम इतके पुढे नेले आहे, की येथे त्याची पुनरुक्ती करण्याची गरज नाही. भरणे या अर्थापासून गरजेइतके असणे या अर्थापर्यंतचा प्रवास मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. भरण्याला भांडे लागते आणि भांड्याला काठ असतो. ‘पुरणे’ या कल्पनेत ही काठाची जाणीव पहिल्यापासून आहे, आणि ‘भरपूर’, ‘मुबलक’, ‘रग्गड’, ‘रेलचेल’ या शब्दांपासून ती कल्पना वेगळी राहते ती यामुळेच. या शब्दांतली विपुलता काठाची फिकीर करत नाही.

या कुळातला सर्वांत लहान आणि सर्वांत तेजस्वी शब्द ‘पुरे’ हा होय. आजचे व्याकरण त्याला अव्यय किंवा उद्गार मानून मोकळे होते, परंतु रूप पाहता तो ‘पुरणे’ या क्रियापदाचा जुना वर्तमानकाळ, तृतीय पुरुषी एकवचन आहे, म्हणजे ‘करी’, ‘जाई’, ‘बसे’ या रूपांचा सोबती. ही रूपे जुन्या मराठीत वर्तमानाचा अर्थ देत. पुढे त्यांचा तो अर्थ मागे पडला आणि मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्याला रीतिभूतकाळ म्हटले, त्या ‘तो रोज येई’ अशा वापरात ती स्थिरावली. ‘पुरे’ने मात्र आपला वर्तमानकाळ सोडला नाही. त्याचा शब्दशः अर्थ ‘पुरते’ असा आहे. म्हणजे ताटावर हात आडवा धरून जेवणारा ‘पुरे’ म्हणतो, तेव्हा तो सातशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणातले एक संपूर्ण वाक्य बोलत असतो, ज्यात कर्ता अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेला, आहे. ‘पुरेसा’ हे विशेषण याच ‘पुरे’ला ‘सा’ हा सारखेपणा दाखवणारा प्रत्यय लागून बनले असून ‘मोठासा’, ‘छानसा’ यांतील ‘सा’ जसा अर्थाची धार थोडी बोथट करतो, तसाच तो येथेही करतो. ‘पुरे’त निश्चय आहे, ‘पुरेसे’त अंदाज आहे.

‘पुरे’ची छटा वाक्यातल्या जागेप्रमाणे पालटते. वाढणाऱ्याला उद्देशून एकदाच म्हटलेले ‘पुरे’ ही तृप्तीची पावती असते, ‘पुरे, पुरे’ अशी द्विरुक्ती आग्रहाला दिलेला लटका विरोध असू शकते, आणि ‘पुरे कर’ किंवा ‘पुरे झाले तुझे’ यांत सहनशीलता संपल्याची सूचना असते. पहिल्या वापरात हवी असलेली वस्तू काठाला पोचली आहे, शेवटच्यात नको असलेली. भाषा दोन्हींना एकच शब्द देते, कारण दोन्ही ठिकाणी सांगायचे आहे ते हेच, की यापुढे काठ ओलांडला जाईल. ‘हसून हसून पुरेवाट झाली’ या प्रयोगात हा शब्द थकव्यापर्यंत जातो. संस्कृतातील ‘अलम्’चीही हीच गत आहे: चतुर्थीसह तो सामर्थ्य आणि पर्याप्ती दाखवतो, तृतीयेसह निषेध दाखवतो, आणि पाणिनीने या दोन वापरांसाठी वेगवेगळे नियम केले आहेत. फारसीतून आलेला ‘बस’, ज्याचे मराठी तोंडी ‘बास’ झाले, तोही तृप्ती आणि त्रागा ही दोन्ही कामे करतो. मात्र ‘बास’ला क्रियापद नाही, त्याचे प्रयोजक रूप होत नाही आणि त्याच्यापासून शब्दांचे कूळ वाढले नाही, तो आज सर्वत्र रुळलेला असूनही ‘पुरे’ची जागा घेऊ शकलेला नाही, याचे कारण येथे शोधावे लागते.

वाक्यरचनेत ‘पुरणे’चा कर्ता वस्तू असते आणि ज्याची गरज भागते तो माणूस चतुर्थीत येतो: पगार घराला पुरतो, पाणी गावाला पुरते, कापड सदऱ्याला पुरते. माणूस येथे काही करत नाही. वस्तू त्याच्यापर्यंत जाते. या जाण्याच्या कल्पनेमुळेच ‘पुरणे’ला पोचण्याचा अर्थ मिळाला आहे. फळीवरच्या डब्यापर्यंत लहान मुलाचा हात पुरत नाही, माळावर नजर पुरेल तिथवर पीक दिसते, चढणीवर म्हाताऱ्याला दम पुरत नाही, आणि मोठ्या कामाला आयुष्य पुरत नाही. या सर्व वाक्यांत मोजमाप अंतराचे किंवा काळाचे आहे, राशीचे नाही, आणि मराठीच्या दृष्टीने पुरेसे असणे म्हणजे ढीग किती मोठा आहे हे नसून तो जिथवर जायला हवा तिथवर जातो की नाही हे आहे. चतुर्थीतला हा माणूस जेव्हा प्रतिस्पर्धी असतो, तेव्हा अर्थाला आणखी एक वळण मिळते. ‘ती एकटी सगळ्यांना पुरून उरली’ या वाक्यात पुरणे म्हणजे तोडीस तोड ठरणे आणि उरणे म्हणजे त्याहून सरस ठरणे. काशिकावृत्तीत ‘अलम्’च्या चतुर्थीसाठी दिलेले पारंपरिक उदाहरण एका मल्लाला दुसरा मल्ल पुरेसा असल्याचे आहे, आणि सिद्धान्तकौमुदीतले उदाहरण दैत्यांना हरी पुरेसा असल्याचे आहे. मराठी वाक्प्रचार या उदाहरणांवरून बेतला गेला असे म्हणण्यास आधार नाही. पर्याप्ती आणि सामर्थ्य यांना जोडणारी वाट दोन्ही भाषांत सापडते, एवढेच म्हणता येते, पण तेवढेही मोलाचे आहे.

येथवरच्या विवेचनात वस्तू स्वतःच पुरते असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात वस्तू क्वचितच आपणहून पुरतात, आणि या अभ्यासाचा गाभा ‘पुरवणे’ या प्रयोजक रूपात, म्हणजे दुसऱ्याकडून किंवा दुसऱ्याच्या बाबतीत क्रिया घडवून आणणाऱ्या रूपात, आहे. ‘पुरवणे’चे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक देण्याचा: साहित्य पुरवणे, माहिती पुरवणे, लाड पुरवणे, हट्ट पुरवणे, डोहाळे पुरवणे. दुसरा जपून टिकवण्याचा: आणलेले तेल महिनाअखेरपर्यंत पुरवणे, लोणचे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवणे, थोडके तूप सगळ्यांना पुरवणे. पहिल्या अर्थी पुरवणारा बाहेरून काही आणतो. दुसऱ्या अर्थी तो आहे त्यातच ते साधतो. कोशांनी आणि पाठ्यपुस्तकांनी पहिल्या अर्थाला मुख्य मानले, परंतु घरगुती मराठीत दुसराच अर्थ अधिक खोल गेला आहे. ‘पुरवून पुरवून खाणे’ या प्रयोगातली द्विरुक्ती पाहिली की कळते, की ही एकदाच केलेली काटकसर नसून रोज नव्याने घेतलेला निर्णय आहे. ‘पुरवठ्याला येणे’ हा वाक्प्रयोगही याच अर्थाचा: जो जिन्नस थोडा घालूनही जास्त दिवस चालतो तो पुरवठ्याला येतो, आणि बाजारात उभी राहून गृहिणी दोन प्रकारच्या तांदळांत निवड करते तेव्हा भाव, चव आणि पुरवठा या तिन्हींचा हिशेब तिच्या मनात असतो.

हा हिशेब कोणी केला, याकडे भाषेने लक्ष ठेवले आहे. अचानक दोन पाहुणे आले म्हणून आमटी वाढवणे, भाकरीच्या पिठात दुसरे पीठ मिसळणे, पुढे येणाऱ्या सणासाठी गूळ आधीपासून बाजूला काढणे, मोठ्याचा सदरा आटवून धाकट्याला करणे, ही सारी ‘पुरवणे’ची कामे आहेत, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केली. याचा दुसरा भागही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा. शेवटी जेवायला बसणारीने ‘मला पुरे’ म्हटले, की त्या ‘पुरे’त तृप्ती किती आणि भांडे खरवडून झाल्याची जाणीव किती हे शब्दावरून ओळखता येत नाही, आणि घरात सगळ्यांना पुरले, या वाक्यातल्या ‘सगळ्यां’त पुरवणारी स्वतः धरली होती की नाही, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने विचारायलाच हवा. कोशातल्या अर्थाइतकेच हे मौनही शब्दाच्या अर्थाचा भाग आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जमवल्या गेलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या हे या दृष्टीने असे साधन आहे, की त्याच्याकडे भाषाभ्यासकांनी अजून पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

भक्तिपरंपरेने ‘पुरवणे’चा पहिला अर्थ उचलला आणि त्याला आपला रंग दिला. मनोरथ पुरवणे, आर्त पुरवणे, आळी पुरवणे हे संतवाङ्मयातले नेहमीचे प्रयोग आहेत. ‘आळी’ म्हणजे लेकराने आईपाशी धरलेला हट्ट. देव माउली असल्यामुळे तिने तो पुरवावा अशी भूमिका यामागे असते. देवाकडे मागताना ‘देणे’ हे सरळ क्रियापद हाताशी असूनही ‘पुरवणे’ निवडले जाते, कारण देण्यात वस्तू हस्तांतरित होते, तर पुरवण्यात मागणाऱ्याच्या मनातली पोकळी भरते. ‘पिच्छा पुरवणे’ या आजच्या वाक्प्रचाराला हाच न्याय लागतो: मागे लागणे शेवटास नेणे, त्यात खंड न पडू देणे.

‘पुरता’ या शब्दयोगी अव्ययाकडे, म्हणजे नामाला जोडून येणाऱ्या संबंधदर्शक शब्दाकडे, वळले की अर्थ उलट दिशेने झुकतो. ‘चवीपुरते मीठ’ या पाककृतीतल्या नेहमीच्या शब्दांत पुरेसेपणा अजून शाबूत आहे, कारण चव येण्यास लागेल तेवढे, असा त्याचा अर्थ आहे, आणि ते प्रमाण लिहिणाऱ्याने न ठरवता रांधणाऱ्यावर सोपवले आहे. ‘कामापुरता’, ‘माझ्यापुरते बोलायचे तर’, ‘नावापुरता’, ‘तात्पुरता’ या शब्दांत मात्र ‘इतके असले की झाले’ या अर्थाचे ‘इतकेच, याहून अधिक नाही’ असे रूपांतर झाले आहे. काठाची जी जाणीव मूळ कल्पनेत होती, ती येथे कुंपण झाली. गंमत अशी, की हाच ‘पुरता’ विशेषण म्हणून स्वतंत्रपणे आला की ‘पूर्णपणे’ असा अर्थ देतो, म्हणून नावापुरता बुडालेला आणि पुरता बुडालेला यांत आकाशपाताळाचे अंतर पडते. ‘उणेपुरे दोन महिने’ या प्रयोगात उणे आणि पुरे हे दोन विरोधी शब्द एकत्र येऊन ‘जेमतेम’ हा तिसराच अर्थ तयार होतो.

शेजारच्या शब्दांपैकी ‘भागणे’ला थोडी अधिक जागा देणे आवश्यक आहे. ‘एवढ्यात भागते’ आणि ‘एवढे पुरते’ ही वाक्ये वरवर समानार्थी वाटतात, परंतु पहिल्यात गरज कर्त्याच्या जागी आहे आणि दुसऱ्यात वस्तू. तहान भागते, भूक भागते, नड भागते. पाणी पुरते, अन्न पुरते, पैसा पुरतो. भागण्यात तडजोडीची छटा आहे, जणू गरजेनेच थोडे अंग चोरून घेतले. ‘धकणे’, ‘निभणे’ आणि ‘चालणे’ ही क्रियापदे याच उतरंडीवर आणखी खालच्या पायऱ्या दाखवतात. कोकणीत ‘पुरो’ हा शब्द मराठी ‘पुरे’प्रमाणे वापरला जातोच, पण शिवाय तो शक्यताही दाखवतो: ‘आसूंक पुरो’ म्हणजे असू शकेल. पुरणे, समर्थ असणे आणि संभवणे या तीन अर्थांची साखळी कोकणीने अशा रीतीने पूर्ण केली, जी मराठीत दुसऱ्या कडीपाशी थांबली होती. गोव्यात व सिंधुदुर्गात दोन्ही भाषा ऐकत वाढणाऱ्यांच्या बोलण्यात या दोन वापरांची सरमिसळ कशी होते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल.

‘संतोष’ आणि ‘समाधान’ या शब्दांना या ग्रंथात मुद्दाम कडेला ठेवले आहे. पातंजल योगसूत्रांत संतोष हा पाच नियमांपैकी एक मानला आहे, आणि संस्कृतात शंकेचे निरसन किंवा चित्ताची एकाग्रता दाखवणारा ‘समाधान’ हा शब्द मराठीत मनाच्या निवांतपणासाठी रुळला. दोन्ही शब्द मनाची स्थिती सांगतात. ‘पुरणे’ मनाविषयी बोलत नाही, ते भाकरीविषयी बोलते. अर्धपोटी माणूस समाधानी असू शकतो, आणि त्याच्या समाधानाचे कौतुकही अनेकदा झाले आहे. परंतु त्याला भाकरी पुरली असे मराठी भाषा कोणाला म्हणू देत नाही. या शब्दाची ही निष्ठा प्रस्तुत लेखनाला फार महत्त्वाची वाटते.

पुरेसे म्हणजे किती, हे खाणाऱ्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी ठरवावे, अशी वेळ आधुनिक काळात वारंवार आली, आणि तिचा इतिहास शब्दाच्या इतिहासापासून तोडता येत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मद्रास इलाख्यातील मदतकामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याइतके आणि वर एक आणा एवढी मजुरी पुरेशी मानली गेली. त्या इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी श्रम करणाऱ्या देहाला इतके अन्न पुरू शकत नाही, असा जाहीर आक्षेप घेतला. दख्खनमध्येही कमी केलेल्या मजुरीविरुद्ध मजूर मदतकामे सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच दशकात दादाभाई नौरोजी यांनी स्थलांतरित मजुरांना जहाजावर द्यायच्या शिध्याचे सरकारी प्रमाण घेऊन हिशेब मांडला, की माणशी वर्षाला ३४ रुपये लागत असताना ब्रिटिश हिंदुस्थानातले माणशी उत्पन्न २० रुपये भरते. सरकारने ज्याला किमान मानले, तेच माप त्यांनी सरकारपुढे धरले. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीराव फुले यांनी हा प्रश्न हिशेबाच्या वहीतून काढून कुणब्याच्या घरातल्या खाण्यापिण्यापर्यंत आणि अंगावरच्या वस्त्रांपर्यंत नेला.

स्वातंत्र्यानंतर हीच परंपरा निराळ्या हेतूने चालू राहिली. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनासाठी कामगाराचे कुटुंब म्हणजे तीन उपभोग-एकके, प्रत्येक प्रौढ एककाला २,७०० कॅलरी आणि चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड अशी मापे घालून दिली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात रोजच्या २,२५० कॅलरींचा निकष धरला आणि १९६०–६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये व शहरात २२.५० रुपये ही रेषा काढली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देय ठरवले. या आकड्यांमागे करुणा आणि न्यायबुद्धी आहे, आणि त्यांच्याशिवाय हक्क मागताच आला नसता, हे निःसंशय. तरीही ‘माणशी पाच किलो’ हे माप ज्या घरात येते, तिथे ते पुरते की नाही हे अखेरीस कोणीतरी पुरवून पाहते, आणि त्या पुरवण्याला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही.

‘पुरवठा’ या शब्दाचे नशीब या संदर्भात बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. शिधापत्रिका, शिधावाटप, नागरी पुरवठा हे शब्द शहरी मराठीच्या रोजच्या व्यवहाराचे भाग झाले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा म्हणून उभे करण्याचे मोठे काम केले, आणि त्या कामात ‘पुरवठा’, ‘पुरवणी मागण्या’, ‘पुरेसा पुरावा’, ‘पुरेशी संधी’ यांसारख्या संज्ञा पक्क्या झाल्या. त्यांतली नेमकेपणाची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु घरातला पुरवठा म्हणजे थोडक्यात जास्त भागवणे आणि खात्यातला पुरवठा म्हणजे वरून खाली पाठवणे, असा अर्थाचा पालट या काळात पुरा झाला. १९७२ च्या दुष्काळात दगड फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळाली आणि रेशनवर मिलो ज्वारी आली. ती पाठवणे हा खात्याचा पुरवठा होता आणि घरी नेऊन सगळ्यांच्या तोंडी लावणे हा बायकांचा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ त्या वर्षी एकाच चुलीपाशी भेटले, आणि त्या भेटीची नोंद सरकारी अहवालांपेक्षा माणसांच्या आठवणींत अधिक आहे.

पंगतीतला आग्रह हा मराठी पुरेसेपणाचा सर्वांत लाडका देखावा असून त्याच्या वर्णनांनी आपले साहित्य समृद्ध आहे. त्याच पंगतीच्या बाहेर, ती उठेपर्यंत थांबून उरलेसुरले घेणाऱ्यांना ‘पुरे’ म्हणण्याची वेळ कधी आली असेल, हे त्या वर्णनांतून कळत नाही. ते दया पवार यांच्या १९७८ च्या ‘बलुतं’नंतर जी आत्मकथने आली त्यांत शोधावे लागते. ‘पुरे’ म्हणता येण्यासाठी आधी कोणीतरी वाढत असावे लागते. म्हणून या अभ्यासात उदाहरणे निवडताना पाकपुस्तके, कोश आणि ललित वाङ्मय यांच्या बरोबरीने दलित आत्मकथने, ओव्या, दुष्काळाच्या आठवणी आणि गिरणगावातल्या खाणावळींविषयीचे लेखन यांना समान वजन दिले आहे.

उदाहरणांच्या मांडणीविषयी एक निर्णय येथे स्पष्ट केला पाहिजे. १८३१ मध्ये पहिल्यांदा आणि १८५७ मध्ये सुधारून निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत सर्वत्र ‘पुरणे’ आधी येते आणि ‘पुरवणे’ त्याचे प्रयोजक रूप म्हणून मागाहून समजावले जाते. वर्णक्रम आणि व्याकरण या दोहोंच्या दृष्टीने ते रास्तच आहे. प्रस्तुत ग्रंथाने हा क्रम उलटवला आहे. पहिले प्रकरण ‘पुरवणे’चे असून त्यातही देण्याच्या अर्थाआधी जपून टिकवण्याचा अर्थ घेतला आहे, त्यानंतर ‘पुरणे’, मग ‘पुरे’, आणि ‘पुरेसा’ हे विशेषण सर्वांत शेवटी. कोशाची सवय असलेल्या वाचकाला हा क्रम सुरुवातीला अडखळवील, परंतु जमवलेल्या प्रयोगांत वस्तू आपणहून पुरल्याची वाक्ये ज्या ज्या ठिकाणी आली, त्यांतल्या बहुतेकांच्या मागेपुढे ती पुरवणाऱ्या माणसाचा उल्लेख सापडला, आणि तो माणूस बाजूला ठेवून क्रियापदाचा अर्थ लावता आला नाही.